थोरली अंगणात वळविली त्याची हकीकत

वाचणारांस दंडवत. आमच्या इमारतीच्या अंगणात जो संग्राम जाहला, त्याचे वर्तमान हल्ली चार तोंडी चार प्रकारे ऐकू येते. दूधवाला म्हणतो मी ओरडलो म्हणोन गाडी वाचली, हेडमास्तर म्हणतात मी अंक मोजले म्हणोन निघाली, आणि गाडीच्या धन्याचे धाकटे बंधू तर त्या समयी हातात चहाची कपबशी धरून उभे असता, आपण जातीने टेका दिल्याचे सांगत फिरतात. सबब पुढे खोट्याचे खरे होऊ नये, याकरिता जैसे घडले तैसे लिहिले असे. मोटरसायकल वाऱ्यासारखी पळविणारे बहादूर गल्लोगल्ली आढळतात, त्यांचे पवाडे त्यांचे तेच गातात. परंतु वजनदार मोटरसायकल मुंगीच्या पावलांनी चालवावी कैसी, हातभर जागेत वळवावी कैसी आणि ठाणबंद करावी कैसी, हे रणशास्त्र निराळे, आणि ते ज्यांनी साधले त्यांची ही हकीकत.

तर रावसाहेब हे पेशाने चष्मेवाले. बाजारात त्यांचे दुकान, आणि अवघ्या पेठेची नजर त्यांच्या हवाली. त्यांनी ऐन उमेदीत एक काळी, रुंद पाठीची, म्हशीच्या वजनाची मोटरसायकल घेतली, आणि मग लग्न केले. सबब घरात गाडीस थोरली म्हणू लागले, आणि मागाहून आलेल्या बाईसाहेब आपसूक धाकट्या जाहल्या. बाईसाहेब वाचनालयात ग्रंथपाल. स्वतःच्या स्वारीस त्यांजपाशी एक हलकी स्कूटर होती, आणि गिअरच्या गाडीचा परवानाही होता, तो कॉलेजात असता मैत्रिणीशी पैज लावून काढिलेला, परंतु थोरलीचा लगाम त्यांनी कधी हाती धरिला नव्हता. सवतीमत्सर म्हणावा तर थोडका होता. रविवारी नवरा फडके घेऊन कोणाची पाठ पुसतो हे त्यांस खिडकीतून दिसतच असे. परंतु खरे सांगावे तर सवतीच्या पाठीवरच त्यांचा संसार जाहला होता. घरात रावसाहेब वर्तमानपत्राआड, दुकानात गिऱ्हाइकांआड. थोरलीवर बसले म्हणजे मात्र बाईसाहेबांनी मागून कानाशी तोंड न्यावे आणि मनातले सांगावे, आणि रावसाहेबांनी पुढे पाहत 'हं' म्हणावे. लेकीचे नाव, भिंतींचा रंग, सासूबाईंचे दुखणे, नोकरी सोडावी की धरावी, ऐसे तमाम राजकारण या हंकारावर तडीस गेले होते.

आता रणभूमीचा नकाशा ध्यानी घ्यावा. फाटकातून आत आले म्हणजे अंगण. डावे हाती तळमजल्यावरच्या काकूंची गुलाबाची कुंडी, ती एवढी थोर की तीत मूल आंघोळीस बसावे. आणि फाटकाच्या समोर, जिन्याच्या कडेने, मागल्या भिंतीकडे उतरत जाणारी एक अरुंद बोळ. तीच थोरलीची जागा; अन्यत्र उभी करावी तर पाण्याच्या टँकरास वाट राहीना. रावसाहेबांचा दस्तूर ऐसा की, संध्याकाळी फाटकातून यावे आणि सरळ नाकासमोर उतारावरून आत शिरावे. शिरणे लोण्यासारखे. परंतु मोटरसायकलीस मागे जाण्याचा गिअर नसतो, ही गोष्ट रोज सकाळी नव्याने उघडकीस येई. मग थोरलीस शेपटीकडून चढावर ओढून काढणे प्राप्त होई, आणि त्या कामी इमारत गोळा होई. रावसाहेब वर बसून पायांनी रेटा देत, दूधवाला किटल्या खाली ठेवून मागची कडी धरी, आणि वरच्या मजल्यावरचे निवृत्त हेडमास्तर जिन्यात उभे राहून एक, दोन, तीन मोजीत. तीनला ओढावे ऐसा हुकूम होता. दूधवाला दोनला ओढी. त्यावरून रोज तंटा होई, आणि तंट्याच्या भरात गाडी निघे, आणि मग सगळे हात झटकून आपल्या कामास लागत.

कोणी म्हणेल, संध्याकाळीच अंगणात वळवून उलटी लाविली, तर सकाळी आपल्या बळे वर येईल. ही मसलत अनेकांनी काढिली. त्यास रावसाहेबांचे एकच उत्तर ठरलेले असे:

"शेपूट घालून आत जाणं आपल्या गाडीला शोभत नाही."

ऐसी वर्षे गेली, आणि मग रावसाहेबांचा डावा गुडघा फितूर जाहला. हाडांच्या डॉक्टरांनी शस्त्रक्रिया केली, ती बरी जाहली, परंतु फर्मान निघाले की, काठीने हिंडावे, दुकानी बसावे, मागे बसून कोठे जावे, मात्र एवढे वजन पायांवर तोलणे इतःपर बंद. तेव्हापासून रावसाहेब खिडकीशी बसू लागले. दुकान पगारी माणसाने चालवावे, वर्तमानपत्र घडी न मोडता पडावे, दाढी वाढावी. बाईसाहेबांनी दहा गोष्टी सांगाव्या तर एकीसही 'हं' येईना. खाली बोळीत थोरली भिंतीकडे तोंड करून उभी, आणि वर खिडकीत हे. बाईसाहेबांस दोघांत काही भेद दिसेना.

आणि मग एके दिवशी रावसाहेबांनी आपल्या धाकट्या बंधूंस फोन करून कळविले की, महिनाअखेरच्या रविवारी टेंपो घेऊन येणे आणि थोरलीस घेऊन जाणे. उभी राहून गंजण्यापेक्षा तुझ्याकडे पळेल. बाईसाहेब त्या समयी कणीक मळत होत्या. त्यांनी हात धुतले, बाहेर आल्या, आणि म्हणाल्या की, गाडी जाणार नाही, मी चालवीन. रावसाहेब म्हणाले, चालवशील गं, पण रोज सकाळी काढायची कोणी? लोकांच्या हातांवर आणखी किती वर्षं काढायची? बाईसाहेब म्हणाल्या, मी उलटी लावीन. फोन चालूच होता, तो पलीकडून बंधू हसले.

"वहिनी, अहो ती मोटरसायकल आहे, तुमची पुस्तकांची ढकलगाडी नाही."

"ढकलगाडीला तर इंजिनसुद्धा नसतं, भावोजी."

येणेप्रमाणे फोनवरच करार जाहला की, त्या रविवारी बंधूंच्या समक्ष बाईसाहेबांनी थोरलीस फाटकातून आत आणावे, अंगणात वळवावे, आणि कोणाचे बोट न लागता बोळीत उलटी उभी करावी. साधल्यास थोरली घरी, न साधल्यास टेंपोत. आणि ही खबर संध्याकाळच्या आत तमाम इमारतीस पोहोचली, कारण काकू जिन्यात लसूण सोलत बसल्या होत्या.

मग कवायतीस आरंभ जाहला. बंद पडलेल्या गिरणीमागे मोकळे पटांगण होते, तेथे रिक्षातून रावसाहेबांची स्वारी निघाली, संगे एक प्लास्टिकची खुर्ची, पाण्याची बाटली आणि छत्री. थोरलीस गॅरेजवाल्याने नवी बॅटरी घालून तेथवर आणून दिली. रावसाहेब खुर्चीवर पाय लांब करून बसले, आणि बहुत दिवसांनी त्यांचे तोंड उघडले. हुकूम सुटू लागले की, पळवणे पोरांचे काम, हळू नेणे हेच काम. क्लच पुरता सोडू नये, पुरता दाबू नये, मधल्या मध्ये जेथे गाडी 'जाऊ का' म्हणते तेथे बोटे ठेवावी. इंजिनास थोडा आवाज देत राहावे, आणि मागचा ब्रेक पायाने नुसता दाबून ठेवावा. मग वजन आपसूक तोलते. हँडल वळलेले असता पुढचा ब्रेक मात्र कदापि धरू नये.

बाईसाहेबांनी सर्व ऐकून घेतले, मान डोलाविली, आणि पहिल्याच वळणावर हँडल वळलेले असता पुढचा ब्रेक धरिला.

थोरली आडवी जाहली. पडली म्हणावे ऐसेही नव्हे. दमलेली बाई ओट्यावर टेकते तैसी सावकाश टेकली, आणि बाईसाहेब पाय काढून शेजारी उभ्या राहिल्या. रावसाहेब काठी विसरून ताडकन उठले, आणि गुडघ्याने त्यांस जागीच कैद केले. बाईसाहेबांनी तेथूनच दटाविले की, खाली बसा, एकाच वेळी दोघांना उचलायला मला जमणार नाही. रावसाहेब बसले. आणि खुर्चीवरून त्यांनी जी युक्ती सांगितली ती लिहून ठेवण्याजोगी की, आधी इंजिन बंद करावे, गाडी गिअरमध्ये असू द्यावी म्हणजे सरकत नाही, मग गाडीकडे पाठ करून सीटला टेकून बसावे, एक हात हँडलास, दुसरा मागच्या कडीस, आणि कमरेने न उचलता पायांनी मागे मागे रेटीत उठावे. रणात पाठ दाखविणे लाजिरवाणे खरे. परंतु या रणात पाठ दाखविल्याखेरीज फत्ते नाही. बाईसाहेबांनी पाठ दाखविली, दात ओठ खाल्ले, आणि थोरली उभी राहिली. तेव्हा रावसाहेबांनी पाण्याची बाटली उघडून पुढे केली.

मग रोज वाचनालय सुटले की पटांगण. बाईसाहेबांस हळूहळू उमजू लागले की, हे आपण आधी कोठे केले आहे. वाचनालयात पुस्तकांची ती ढकलगाडी होती, तिचे एक चाक जन्माचे रुसलेले, आणि कपाटांमधल्या फटी ऐशा की दोन माणसांनी समोरासमोर श्वास घेऊ नये. तेथेही चाकाकडे पाहिले की गाडी कपाटास भिडे, आणि पलीकडच्या टेबलाकडे पाहिले की सुरळीत पार होई. तैसेच येथे. मान वळवून दूर पाहिले की थोरली वळे. पटांगणावर बाईसाहेब खुर्चीभोवती फेर धरू लागल्या, आणि रावसाहेब मानेने फेर मोजू लागले, आणि त्यांची मान अवघडली.

परंतु पटांगण ते पटांगण आणि अंगण ते अंगण. अंगणात कुंडी होती.

पहिल्या दिवशी बाईसाहेब फाटकातून आल्या, वळसा घेतला, डावीकडे कुंडी दिसली, आणि थोरली थेट कुंडीच्या अंगावर चालून गेली. हातभरावर थांबली. दुसरे दिवशी वीतभरावर. बाईसाहेबांनी मनाशी शंभरदा घोकिले की कुंडीकडे पाहायचे नाही, आणि जितके घोकावे तितकी कुंडी वाढत जाई. शुक्रवारी पुढचे चाक कुंडीस भिडले, आणि गुलाबाची एक फांदी कळ्यांसह तुटून पडली. काकू बाहेर आल्या. बाईसाहेबांनी इंजिन बंद करून मान खाली घातली, कारण काकू गुलाबाशी जितक्या गोड बोलत तितक्या सख्ख्या सुनेशीही बोलत नसत. काकूंनी फांदी उचलली, पाहिली, आणि म्हणाल्या,

"असू दे. तुझा नवरा इथंच धडकायचा."

मग काकूंनी जे उघड केले ते ऐसे की, तू लग्न होऊन या घरी येण्याआधीची गोष्ट, हा रोज रात्री उशिरा कोणी नाही पाहून अंगणात वळायचा सराव करी. त्यात माझी पहिली कुंडी गेली. मुकाट्याने नवी आणून ठेवली. मग ती गेली. मग तिसरी. दर वेळी आधीपेक्षा मोठी आणी, मला वाटतं धाकाने. ही चौथी. हिला धडकला तेव्हा कुंडी जागची हलली नाही, गाडीचा दिवा फुटला, आणि त्यानंतर त्याने वळायचं सोडलं. मी कधी बोलले नाही. पोरगा चांगला आहे, माती स्वतः भरून द्यायचा.

येणेप्रमाणे वर्षानुवर्षे शेपटीच्या अब्रूचे जे निशाण फडकत होते, त्याचे मूळ बाहेर आले.

बाईसाहेब जिना चढून वर गेल्या. रावसाहेब खिडकीशीच होते. खिडकीतून कुंडी स्वच्छ दिसते. त्यांनी विचारले, काकूंनी सांगितलं का. बाईसाहेब म्हणाल्या,

"हं."

रावसाहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग म्हणाले,

"मला तो वळसा कधी जमलाच नाही. कुंडीकडेच बघायचो."

"मी पण कुंडीकडेच बघते."

आणि दोघे खिडकीतून कुंडीकडे पाहू लागले. कुंडी आपली उभी होती. मग बाईसाहेबांस आधी हसू आले की रावसाहेबांस, याविषयी उभयतांत अद्याप एकमत नाही, परंतु हसता हसता रावसाहेबांनी गुडघा आवळून धरिला आणि बाईसाहेबांनी पदर तोंडास लाविला, आणि वरून हेडमास्तरांनी काय झाले म्हणोन पुसले. हसू ओसरले. रावसाहेब म्हणजे जन्मभर लोकांस खुर्चीत बसवून 'समोरच्या पाटीकडे बघा, माझ्याकडे नको' म्हणत आलेला माणूस. तो हळूच म्हणाला की, नको तिकडे बघू म्हणून डोळा ऐकत नाही. डोळ्याला दुसरं काहीतरी द्यावं लागतं.

रविवार उजाडला. धाकटे बंधू टेंपो घेऊन दाखल जाहले आणि टेंपो फाटकाबाहेर भिंतीलगत लाविला, त्यात दोरखंड तयार. काकूंनी त्यांस चहा दिला. हेडमास्तर जिन्यात, दूधवाला सकाळीच रतीब घालून गेला होता तो पुन्हा हजर. काकूंनी परोपकारबुद्धीने कुंडीवर एक पांढरी चादर पांघरली होती, जेणेकरून ती बाईसाहेबांस दिसू नये. परिणाम ऐसा जाहला की, जी कुंडी आजवर फक्त अंगणातून दिसे, ती आता रस्त्यावरूनही दिसू लागली.

बाईसाहेब कोपऱ्यावरून थोरलीवर बसून आल्या. हेल्मेट, जाड बूट, आणि अंगात रावसाहेबांचे जुने जाकीट, त्याच्या बाह्या दुमडलेल्या. फाटकातून आत शिरल्या तो प्रथम डोळ्यांत भरली ती चादर. मन म्हणू लागले की, आज ही गाडी गेली तर वर खिडकीत बसलेले माणूसही गेलेच म्हणायचे. जेवेल, झोपेल, औषध घेईल, पण पुन्हा कानाशी बोलायला सापडणार नाही. आणि हे मनात येते तोच मागे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. रावसाहेब काठी टेकत खाली येऊन फाटकाआड थांबले होते, आणि बाईसाहेब आत येताच त्यांनी फाटकाच्या ऐन मधोमध प्लास्टिकची खुर्ची मांडिली आणि पाय लांब करून तीवर बसले. बंधू म्हणाले, दादा, बाजूला हो, अंगावर येईल. रावसाहेब म्हणाले, येऊ दे.

बाईसाहेबांनी क्लच मधल्या मध्ये आणिला. इंजिनास आवाज दिला. मागचा ब्रेक पायाखाली. थोरली गुरगुरत, मुंगीच्या चालीने वळू लागली, आणि चादर समोर येऊ लागली, आणि दूधवाला ओरडला की कुंडी, कुंडी, आणि बाईसाहेबांची नजर ओढली जाऊ लागली. तेव्हा फाटकातून हुकूम आला, मोठ्याने नव्हे:

"अगं, इकडे बघ."

बाईसाहेबांनी मान वळविली, खांद्यावरून, पुरती मागे. आणि त्यांस दिसले की, रावसाहेबांनी दाढी केली आहे. गालावर एके ठिकाणी पाते लागून कागदाचा कपटा चिकटविला आहे, आणि सदरा इस्त्रीचा आहे, दुकानी जाण्याचा. एवढ्या सगळ्या दिवसांनी. कधी केली दाढी, मी गाडी आणायला गेले तेव्हा? इस्त्री कोणी करून दिली? हनुवटीखाली थोडे राहिले आहे ते सांगावे काय? इतके सर्व त्यांच्या मनात येऊन गेले, आणि ते येत असता चादर केव्हा गेली, जिना केव्हा गेला, काकूंचा दरवाजा केव्हा गेला, याचा त्यांस पत्ता नाही. पाहतात तो थोरलीचे तोंड फाटकाकडे, रावसाहेब समोर, आणि बोळ पाठीशी.

मग बाईसाहेबांनी हँडल सरळ केले, इंजिन बंद केले, गाडी गिअरमधून काढिली, दोन्ही पाय भुईस लाविले, आणि पुढचा ब्रेक तसूतसूने ढिला करीत थोरलीस उतारावर मागे सोडू लागल्या. सरकली, धरिली, सरकली, धरिली. बोळीच्या दोन्ही भिंती दोन्ही कोपरांशी आल्या. रावसाहेब लहान लहान होत गेले, परंतु नजर काही ढळली नाही. मागल्या भिंतीपासून वीतभर राखून थोरली थांबली. मग पहिल्या गिअरमध्ये टाकून, हँडल डावीकडे वळवून, बाजूचा स्टँड बुटाने पुढे रेटून फरशीवर पक्का टेकविला, ब्रेक सोडून पाहिला, आणि थोरली जागची हलली नाही. तेव्हा बाईसाहेब उतरल्या, आणि उतरल्यावर त्यांनी थोरलीच्या पाठीवर हात टेकविला.

बंधूंनी कपबशी खाली ठेविली आणि मुजरा केला. टेंपो रिकामा कैसा जावा, सबब काकूंनी जिन्याखालचा मोडका लोखंडी पलंग त्यात लादून दिला, आणि बंधूंचा दोरखंड अखेर त्या कामी खर्ची पडला.

आता सोमवारची सकाळ. बाईसाहेब जाकीट घालून खाली उतरल्या तो, बोळीच्या तोंडाशी दूधवाला किटल्या ठेवून उभा, आणि हेडमास्तर जिन्यात. त्यांस कोणी बोलाविले नव्हते. ओढण्याजोगेही काही उरले नव्हते. हेडमास्तरांनी घसा खाकरला, आणि विचारिले की, मग मी आता मोजू नको का? बाईसाहेबांनी त्यांच्या तोंडाकडे पाहिले, थोरली सुरू केली, आणि म्हणाल्या,

"मोजा ना मास्तर. त्याशिवाय निघेल का ती?"

मास्तर एक म्हणाले, दोन म्हणाले, आणि थोरली आपल्या बळे उतार चढून अंगणात आली. दूधवाला म्हणाला, बघा, मी आजवर काय सांगत होतो. मास्तर म्हणाले, तीन माझे तोंडात होते. तंटा तेथेच जुंपला, आणि त्या तंट्याच्या आडून रावसाहेब काठी बगलेत मारून, डावा पाय जपत, मागल्या सीटवर चढले. जन्मात प्रथमच मागे. दुकानी निघालेली ती स्वारी फाटकातून बाहेर पडली, आणि कोपऱ्यावर वळण्याआधीच रावसाहेबांनी पुढे वाकून बाईसाहेबांच्या कानाशी तोंड नेले. पगारी माणसाने काचा उलट्या बसविल्या असतील, छत गळत असेल, लेकीला फोन करायचा आहे, ऐसे बोलत सुटले, ते बाजार येईस्तोवर. अखेरीस म्हणाले की, काकूंना आता लहान कुंडी आणली तरी चालेल, नाही का?

बाईसाहेबांनी पुढे पाहत म्हटले, "हं."

येणेप्रमाणे थोरलीची मोहीम फत्ते जाहली. जखमी एक गुलाबाची फांदी, ती काकूंनी मातीत खोचली आणि तिला पाला फुटला. थोरली घरी राहिली, उलटी लावण्याचा दस्तूर कायम जाहला, आणि थोर कुंडी जिन्यामागे नेण्याची तजवीज ठरली. ती हलविण्यास इमारत सकाळी गोळा जाहली, मास्तरांनी मोजिले, आणि ती दोनला हलली. नवी कुंडी मुठीएवढी आहे, रावसाहेबांनी माती स्वतः भरिली, आणि ती अंगणात आहे की नाही हे बाईसाहेबांस आजतागायत वळताना दिसलेले नाही.